कॅस येथील शे-एंजिन : ऐतिहासिक साधन म्हणून विचार

आर्थिक इतिहासाची साधने म्हणताच दप्तरे, हिशेबवह्या व करारपत्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. यंत्र हेही साधनच होय; मात्र त्याची साक्ष कोठवर ग्राह्य मानावी, हे ठरविणे अगत्याचे असते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कॅस येथे जतन केलेले पाचव्या क्रमांकाचे शे-एंजिन या दृष्टीने विचारार्ह आहे.

कॅस हे गाव एका कागद-कंपनीने १९०१ साली ग्रीनब्रायर नदीकाठी वसविले. लगद्यासाठी लागणारे स्प्रूस वृक्ष डोंगरमाथ्यांवर होते. ते खाली आणण्यासाठी कंपनीने स्वतःचा लोहमार्ग घातला. ओहायोतील लायमा कारखान्यात १९०५ साली तयार झालेले हे एंजिन त्याच मार्गासाठी होते.

त्याची रचना बोलकी आहे. सामान्य वाफेच्या एंजिनात दट्ट्यांची गती दांड्यांनी थेट मोठ्या चाकांना मिळते. येथे तीन उभे सिलिंडर उजव्या अंगास असून तोल साधण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकविलेला आहे. सिलिंडरांची गती एका लांब, सांधे असलेल्या फिरत्या दांड्यावर येते व तेथून दातेरी चक्रांद्वारे सर्व लहान चाकांना मिळते. वेग अल्प, परंतु ओढ मोठी. कॅसच्या मार्गावर काही ठिकाणी शंभर फुटांस ११ फुटांपर्यंत चढ आहे.

मिशिगनमधील लाकूड-व्यावसायिक एफ्राइम शे याने या रचनेचे पेटंट १८८१ साली घेतले. जंगलातील रूळ तात्पुरते असत. झाडे संपली की ते उखडून पुढे न्यावयाचे. अशा मार्गावर भक्कम पायाचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून मार्ग एंजिनाजोगा करण्याऐवजी एंजिनच मार्गाजोगे केले गेले. तोडून पुढे सरकणाऱ्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप या दातेरी चक्रांत असे उमटले आहे.

तथापि या साक्षीला मर्यादा आहेत. कॅसचा व्यवसाय १९४२ साली दुसऱ्या कंपनीकडे गेला व १९६० साली बंद पडला. राज्याने १९६१ साली हा मार्ग घेतला आणि १९६३ पासून त्यावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. लायमा कारखान्याने अशी सुमारे २,७७० एंजिने बांधली. बहुतेक मोडीत गेली. तेव्हा जे टिकले ते योगायोगाने टिकले, हे विसरता कामा नये. शिवाय चालते ठेवलेल्या एंजिनाचे झिजलेले भाग बदलावे लागतात. म्हणून त्याची रचना पुरावा ठरते, प्रत्येक भाग नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या एंजिनाने अरण्य खाली वाहून नेले, तेच आता पुन्हा वाढलेले अरण्य दाखविण्यास प्रवाशांना वर नेते. हिरवा डोंगर व चकचकीत यंत्र एकत्र पाहणाऱ्याला मधली उजाड वर्षे दिसत नाहीत. लाकूडतोड्यांचे कष्टही दिसत नाहीत. जतन केलेली वस्तू भूतकाळ जितका दाखविते, तितकाच झाकतेही. तो झाकलेला भाग दप्तरांतून व प्रत्यक्ष भूमीवरून शोधणे, हे अभ्यासकाचे काम होय.