समजूत आणि साक्ष : बडोद्याच्या बागांतील काही लोकसमजुतींचा विचार

बडोदे हे नाव वडावरून आले. लाट देशातील राष्ट्रकूट राजा कर्क याच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात 'वटपद्रक' हे गाव भानुभट्ट नावाच्या ब्राह्मणास दान दिल्याचा उल्लेख आहे. त्याच लेखात येणारे अंकोट्टक म्हणजे आजचे अकोटे. त्याचे नावही अंकोल वृक्षाशी जोडले जाते. ज्या गावाने आपले नावच झाडापासून घेतले, तेथे झाडांविषयीच्या समजुती पुष्कळ असाव्यात यात नवल नाही. या समजुतींकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या परिचयाच्या आहेत. एक, त्या सरसकट शिरोधार्य मानणे. दुसरी, त्या सरसकट हसण्यावारी नेणे. या दोन्ही रीतींत विचाराचे कष्ट वाचतात, एवढाच त्यांचा गुण. आम्हांस येथे तिसरी रीत सुचवावयाची आहे. आणि ती नवी नसून, बडोद्यातूनच प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या ग्रंथात तिचे मूळ आहे, हेही दाखवावयाचे आहे.

बडोद्याच्या बागेत तीन प्रवाह एकत्र आले. पहिला घरगुती. अठराव्या शतकात गायकवाडांच्या सत्तेबरोबर दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर तुळशीवृंदावन आणले, परसातली फुलझाडे आणली, आणि 'हे लावावे, ते लावू नये' अशी विधिनिषेधांची एक अलिखित पोथीही आणली. येथे तिला गुजराती शेजाराची जोड मिळाली. दुसरा प्रवाह युरोपीय उद्यानशास्त्राचा. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली सयाजीबाग, म्हणजेच लोकांच्या तोंडची कमाटीबाग, उभी राहिली. पुढे १८९३ साली क्यू येथील उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव हेर्मान क्रुंबिगेल हे बडोदे संस्थानच्या सेवेत आले व १९०८ मध्ये बंगळूरास जाईपर्यंत येथील उद्यानांची व्यवस्था पाहत राहिले. तिसरा प्रवाह संस्कृत ग्रंथांचा. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प १९१६ साली प्रसिद्ध झाले. पाटणच्या जैन ग्रंथभांडारांची पाहणी करणारे चिमणलाल दलाल हे त्याच्या संपादकांपैकी एक होते. तो ग्रंथ म्हणजे राजशेखराची 'काव्यमीमांसा'.

काव्यशास्त्राच्या ग्रंथाचा बागेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. राजशेखराने त्यात 'कविसमय' या विषयाचा सविस्तर विचार केला आहे. प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टी कवी वर्णितात : वाहत्या नदीत कमळे फुलवितात, पाणी दिसले की तेथे हंस आणतात. उलट असलेल्या गोष्टी ते वर्णीत नाहीत : चंदनास फुले-फळे येत नाहीत, अशोकास फळ धरत नाही, वसंतात मालती नसते, असे धरून चालतात. हे खोटे आहे हे राजशेखर जाणतो. पण तो कवींस दोष देत नाही. त्याची उपपत्ती अशी की, पूर्वीच्या विद्वानांनी शास्त्रे अभ्यासून व देशांतरे हिंडून जे पाहिले ते सांगितले. पुढे देश आणि काल बदलले, वस्तुस्थिती निराळी झाली, तरी सांगण्याची परंपरा तशीच राहिली. आमच्या मते बागेतील समजुतीचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. समजूत ही पुष्कळदा एखाद्या खऱ्या निरीक्षणाची, आपला देश व काल सोडून आलेली स्मृती असते. म्हणून तिच्यातील आज्ञा आणि आज्ञेसाठी सांगितलेले कारण ही दोन निराळी काढून तपासली पाहिजेत. कारण खोटे असूनही आज्ञा हितकर असू शकते. आणि कारण कितीही शास्त्रीय दिसले, तरी आज्ञा निरर्थक असू शकते.

काही उदाहरणे घेऊ. भर दुपारी झाडांस पाणी घालू नये, पानांवरील थेंब भिंगासारखे ऊन एकवटून पान जाळतात, असे सांगतात. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, गुळगुळीत पानावर टेकलेला थेंब पान जाळू शकत नाही. लव असलेल्या ज्या पानांवर थेंब पृष्ठभागापासून उचललेला राहतो, तेथेच तशी शक्यता उरते. म्हणजे कारण बहुतांशी खोटे. पण बडोद्याच्या वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि दुपारी घातलेल्या पाण्याचा मोठा भाग वाफ होऊन जातो. म्हणून पहाटे किंवा सायंकाळी पाणी घालण्याची आज्ञा खरी.

शेवगा दारात लावू नये, असा निषेध आजही ऐकू येतो. कारण म्हणून अशुभाचा धाक घातला जातो. परंतु शेवग्याची फांदी ठिसूळ असते आणि पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थर बसतात. त्यांच्या स्पर्शाने अंगास खाज सुटते. ज्या वडीलधाऱ्या बाईने पोराबाळांच्या घरासाठी हा नियम घातला असेल, तिने सुरवंट पाहिले होते. पुढील पिढ्यांनी सुरवंट विसरून फक्त अशुभ लक्षात ठेवले. केवड्यास किंवा रातराणीस साप येतो, ही समजूतही याच जातीची. साप सुगंधास भुलत नाही. दाट झुडपाचा आडोसा, बुंध्याशी राहणारी ओल, आणि तेथे वावरणारे बेडूक व उंदीर यांच्यासाठी तो येतो. बुंधा स्वच्छ ठेवला तर रातराणी निर्धास्त लावता येते.

दिवेलागणीनंतर झाडास हात लावू नये, झाडे झोपलेली असतात, असे आजी नातवंडांस सांगत. यात केवळ कल्पना नाही. चिंचेची पाने रात्री मिटतात, हे कोणीही पाहू शकतो. शिकंदराच्या स्वारीतील अँड्रॉस्थेनिस याने इ. स. पूर्वी चौथ्या शतकात ते पाहून नोंदले होते. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडतात व मिटतात असे दाखविले. एवढ्यावरून झाडे माणसासारखी झोपतात असे ठरत नाही, पण समजुतीच्या मुळाशी डोळसपणा होता हे ठरते. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात, हा नियम तर कारणासह खरा आहे. बी धरू दिले नाही की झाडाची शक्ती पालवीकडे वळते. आणि उंबराचे फूल दिसत नाही, हेही खरेच. कारण ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्याच पोटात शेकडो बारीक फुले असतात आणि इवली माशी आत शिरून परागीकरण करते. क्वचित भेटणाऱ्या माणसास 'उंबराचे फूल' म्हणणारी भाषा येथे शास्त्राच्या फार दूर गेलेली नाही.

याउलट काही गोष्टी शुद्ध कविसमयच होत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त तरुणीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलावा, अशी योजना आहे. त्या अंकाचा आनंद घेताना त्यात उद्यानशास्त्र शोधू नये. मात्र शिकविणाऱ्यांनी एक घोटाळा टाळावा. तो तांबूस-केशरी फुलांचा अशोक म्हणजे सीतेचा अशोक. गुजरातेत दारावर ज्याच्या पानांचे तोरण बांधतात आणि आपण सर्रास ज्यास अशोक म्हणतो, तो उंच आसोपालव निराळा, आणि त्याची फुले हिरवट. काव्यात वाचलेले फूल शाळेच्या कुंपणाशी असलेल्या झाडावर शोधणारा विद्यार्थी निराश होतो. दोष त्याचाही नव्हे, कवीचाही नव्हे, नावाचा आहे.

प्राचीन शास्त्रग्रंथही याच विवेकाने वाचावे लागतात. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचे प्रकरण आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा कनिष्ठ, असे तो सांगतो. मुळे एकमेकांत गुंतली तर झाडे नीट फळत नाहीत, हे त्यामागील त्याचे निरीक्षण आजच्या आंबराईवाल्यासही पटेल. त्याच प्रकरणातील अद्भुत फळे देणारे बीजसंस्कार मात्र कोणी करून पाहिल्याशिवाय मानू नयेत.

आता कोणी म्हणेल की, हा सारा अज्ञानकाळाचा वारसा. छापील पुस्तक आले आणि समजुती गेल्या. तसे झालेले नाही. थंड प्रदेशासाठी लिहिलेल्या बागपुस्तकांतील पूर्ण उन्हाचा उपदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या या गावाने जसाच्या तसा उचलला, तर मे महिन्यात कोवळी रोपे करपतात. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिल्यास निचरा चांगला होतो, हाही छापील उपदेशच. वास्तविक बारीक मातीखाली जाड खडी आली की पाणी मातीच्या तळाशीच अडकते आणि मुळांजवळची ओल वाढते. छिद्रावर एक खापरी ठेवणे निराळे. ती माती अडविण्यापुरती असते.

पिंपळाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. पूर्वी सांगत, पिंपळावर मुंजा असतो, रात्री खाली निजू नये. पुढे मुंजा गेला आणि त्याच्या जागी कर्बवायू आला. झाड रात्री तो सोडते म्हणून निजणारा गुदमरतो, असे सांगू लागले. झाडे रात्री श्वसन करतात हे खरे, पण उघड्या हवेत त्यापासून कोणास अपाय होत नाही. आता तर पिंपळ रात्रंदिवस प्राणवायू देतो, असे नेमके उलटे सांगितले जाते. प्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषणातील प्राणवायू निर्माण होत नाही. काही वनस्पती रात्री कर्बवायू आत घेऊन साठवितात, परंतु त्याही तेव्हा प्राणवायू सोडीत नाहीत. मुंज्याच्या गोष्टीवर वर्गातील एखादा मुलगा शंका तरी घेत असे. शास्त्राची वस्त्रे ल्यालेल्या या समजुतीवर तो घेत नाही, कारण ती गुरुजींच्या तोंडून येते. म्हणून आम्हांस ती अधिक काळजीची वाटते.

या विवेकाचा कस ज्येष्ठी पौर्णिमेस लागतो. वटसावित्रीचे व्रत बडोद्यात मराठी व गुजराती अशा दोन्ही घरांत पाळले जाते. वडाची पूजा ही दीर्घायुष्याची. पण वडापर्यंत जाणे गैरसोयीचे झाले म्हणून फांद्या तोडून बाजारात येऊ लागल्या आणि पूजा घरातल्या घरात होऊ लागली. येथे आज्ञाही उरली नाही आणि कारणही उरले नाही. ज्याचे आयुष्य मागावयाचे त्याच्याच अंगावर कुऱ्हाड. ज्या नगराचे नाव वटपद्रक, तेथे तरी झाडाशी जाऊन पूजा व्हावी, अथवा रोप लावून त्याची व्हावी, असे सुचविण्यात श्रद्धेचा कोणताही उपमर्द आम्हांस दिसत नाही.

१९०९ साली बडोद्यास मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. ते कवी होते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञही होते. मेजर बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पतीचे वर्णन एके ठिकाणी आहे आणि लोकांत चालत आलेले तिचे उपयोग दुसऱ्या ठिकाणी. लोकांचे म्हणणे त्यांनी टाकून दिले नाही आणि वर्णनात मिसळूही दिले नाही. आमच्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हीच शिस्त शाळेच्या अंगणात न्यावी. दोन कुंड्या घ्याव्यात, एकीत खडी घालावी, दुसरीत घालू नये; आजीकडून ऐकलेला नियम वहीच्या डाव्या पानावर आणि महिन्याभराने जे दिसेल ते उजव्या पानावर मुलांकडून लिहवून घ्यावे. डावे पान खोडावयाचे नाही. ते आपल्या भाषेचे धन आहे. मात्र उजवे पान कोरे राहू देता कामा नये.