बँटिंगशेठची खतावणी

वजन उतरवण्यावरचं जगभर गाजलेलं पहिलं पुस्तक डॉक्टरानं नाही, एका दुकानदारानं लिहिलं. मी स्वतः दुकानदार असल्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही. विल्यम बँटिंग हे त्यांचं नाव. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्यांच्या घराण्याचा फर्निचरचा आणि अंत्यविधीच्या व्यवस्थेचा धंदा होता, आणि राजघराण्यातली कामंही त्यांच्याकडेच. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्टची अंत्ययात्रा याच पेढीनं पार पाडली. शवपेट्यांची मापं घेण्यात हयात गेलेल्या या शेठचं स्वतःचं माप मात्र पार सुटलं होतं. १८६२ च्या ऑगस्टमध्ये पासष्टी ओलांडलेली, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे साडेएक्क्याण्णव किलोच्या वर. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. जिना उतरायचा तो पाठमोरा, सावकाश, नाहीतर गुडघे आणि घोटे बोलायला लागत.

उपाय करून थकले होते. थेम्समध्ये पहाटे जड होडी वल्हवली. दंड भरले, पण भूकही अशी खवळली की वजन आणखी चढलं. तुर्की पद्धतीची स्नानं झाली, गावोगावच्या झऱ्यांचं पाणी पिऊन झालं, औषधं तर विचारूच नका. शेवटी ऐकू कमी यायला लागलं म्हणून ते विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या सर्जनकडे गेले. हार्वी पॅरिसला जाऊन शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार्ड यांचे यकृत आणि साखर यांविषयीचे विचार ऐकून आले होते. कानाचं राहू द्या, म्हणाले, आधी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद करा.

बँटिंगनी ते केलं आणि १८६३ मध्ये पदरचे पैसे घालून एक छोटी पुस्तिका छापली. आधी फुकट वाटली. मग मागणी एवढी वाढली की विकावी लागली, आणि हजारोंनी खपली. नाश्त्याला चार-पाच औंस मांस किंवा मासा, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा, एखादा कोरडा टोस्ट. दुपारी पुन्हा मासे-मांस, बटाटा सोडून कुठलीही भाजी, आणि वर दोन-तीन ग्लास क्लॅरेट, म्हणजे लाल वाइन. या क्लॅरेटच्या ओळीवर आमच्या कट्ट्यावरचे सगळे एकमतानं खूश आहेत. बाकीच्या पथ्याला मात्र कुणी तयार नाही.

मला त्या पथ्यापेक्षा पुस्तिकेतला तक्ता मोलाचा वाटतो. वर्षभर, साधारण दर तीन आठवड्यांनी, तारीख आणि वजन. १८६३ च्या जानेवारीत १८२, मग १८०, १७८, १७६. सप्टेंबरात १५६. एकूण उतार ४६ पौंड आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी. कुठेही फुशारकी नाही, एका दमात दहा पौंड वगैरे चमत्कार नाही. धंद्याची खतावणी लिहिणाऱ्या हातानं शरीराची खतावणी लिहिली आहे.

तक्ता लिहायचा तर काटा एकच हवा, हे आमच्या धंद्यात पोरालाही कळतं. रविवार पेठेतलं आमचं दुकान वडिलांपासूनचं. दांडीचे काटे, बिडाची वजनं, आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक. व्यापाऱ्यांच्या काट्यांचं पासिंग करून आणणं हे बारमाही काम. पण अधूनमधून कुणीतरी घरातला काटा घेऊन येतो, ‘बिघडलाय, जास्त दाखवतो’ म्हणतो. मी छाप असलेलं वीस किलोचं वजन त्यावर ठेवतो. आकडा वीसच येतो. मग विचारतो, घरी ठेवता कुठे? कधी सतरंजीवर, कधी हलणाऱ्या फरशीवर. सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवून उठल्यावर घेतलेलं वजन शेजारी-शेजारी लिहून त्यातून निष्कर्ष काढणारेही भेटतात.

बँटिंगच्याच रस्त्यावर, ३ नंबरला, बेरींचं जुनं दुकान आहे. तिथे कॉफी तोलायचा मोठा तराजू होता आणि १७६५ पासून गिऱ्हाइकं त्यावर स्वतःचं वजन करून वहीत नोंदवून घेत. आपल्याकडे माणूस पारड्यात बसतो तो गूळतुलेच्या नवसाला, आणि तिथे वजन जास्त भरलं तर देवाचाच फायदा. बेरींच्या वह्यांत कवी बायरन आहे. १८०६ मध्ये १९४ पौंड, १८११ मध्ये १३७ च्या आसपास. त्यासाठी एकावर एक जाकिटं चढवून घाम काढणं आणि अर्धपोटी राहणं चालायचं, आणि पुढे वजन पुन्हा चढायचं. बँटिंगनी मात्र अर्धपोटी राहून किंवा घाम काढून उतरवलंच नाही, आणि माझ्या मते ते टिकलं ते त्यामुळेच.

डॉक्टरांना अर्थातच दुकानदाराची ही लुडबुड रुचली नाही. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांना झोडपलं. पहिल्यांदा पुस्तिकेत हार्वींचं नाव नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर पुढच्या आवृत्तीत ते घालावं लागलं.

नंतरच्या एका आवृत्तीत बँटिंगनी केलेला एक प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. सात दिवसांत मिळून पाच औंस, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही आत साखर त्यांनी खाल्ली, आणि आठवड्याअखेर वजन जवळजवळ पौंडभर वाढलेलं दिसलं. एवढ्याशा साखरेची पौंडभर चरबी होणं शक्य नाही. शरीर साखर साठवतं तेव्हा तिच्याबरोबर तिच्या दोन-तीन पट पाणी धरून ठेवतं, आणि काटा ते पाणीही मोजतो. पारड्यात काय आहे हे काट्याला कळत नाही. तो फक्त किती आहे तेवढं सांगतो. बँटिंगनी सगळा ठपका साखरेवर ठेवला. हिशेबात गल्लत झाली, पण पथ्य करायला ती सोयीचीच पडली. १८७८ मध्ये ते गेले तेव्हा वय ८१ होतं. पेढीकडे राजघराण्याची कामं त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली.