भाकरीचा हिशोब

1972 च्या दुष्काळात नांदेड-लातूर भागातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा 1982 साली झाला.) खायला मिळे ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि वाटपाची सुकडी. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित व्याख्यानांतून सांगू लागले : दिवसातून दोनदाच जेवा, वजन उतरेल. ज्या मुलखात एका पिढीला पोटभर मिळत नव्हते, तिथेच पुढच्या पिढीतल्या अनेकांना अन्न जास्त झाले. दोन्ही प्रश्नांचे माप मात्र एकच, कॅलरी.

हे माप आले कोठून? 1780 च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि किती बर्फ वितळला ते मोजले. श्वसन हे मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष निघाला. शतकभराने अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणसाला खोलीएवढ्या उष्मामापीत ठेवून दाखवले की, अन्नातून मिळालेली आणि शरीराने खर्चलेली ऊर्जा यांचा ताळा जुळतो.

म्हणजे हिशोब सोपा झाला का? पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याचा अभ्यास करताना माणशी रोज 2250 कॅलरी हा आकडा धरला. मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा एकाच आकड्याला हरकत घेतली. एकाच निरोगी माणसाची गरजही कमीजास्त होते, शरीर आपला खर्च काही मर्यादेत स्वतः सावरते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. टीकाकारांचा प्रश्न होता : हे सावरणे फुकट होते का?

1944-45 साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे झालेला प्रयोग या वादात दोन्ही बाजूंनी बोलतो. ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चतुर्थांश घटले; विश्रांतीतला चयापचय मात्र त्याहून जास्त, सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. शरीराने खर्च कापला होता, पण किंमत मोजून : थकवा, थंडी वाजणे, उदासी, सतत अन्नाचेच विचार.

वजन कमी करणाऱ्यालाही, सौम्य प्रमाणात, हाच अनुभव येतो. फळ्यावर एक गणित मांडा. 70 किलोच्या माणसाने रोज एक भाकरी, म्हणजे साधारण 200 कॅलरी, कमी खाल्ली. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी धरल्या, तर वर्षात साडेनऊ किलो घट. याच दराने आठ वर्षांत माणूसच उरणार नाही! विद्यार्थी हसतील, मग विचारा, चूक कोठे आहे? नियमात नाही. आपण खर्च कायम धरला, ही चूक. वजन उतरते तसा खर्चही उतरतो. पहिल्या वर्षात प्रत्यक्ष घट साधारण निम्मीच होते, आणि पुढे काटा एका जागी थांबतो.

दोन जेवणांच्या पद्धतीचे पुरस्कर्ते तिचे स्पष्टीकरण इन्शुलिनवरून देतात. पण एकूण कॅलरी सारख्या ठेवून केलेल्या तुलनांत जेवणांच्या संख्येमुळे वजनात फारसा फरक दिसलेला नाही. अधूनमधूनचे चहा-बिस्किट आणि फरसाण सुटले की एकूण खाणे घटते, हे साधे कारण बरेच काही सांगून जाते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

काटा थांबला म्हणून 'हा चोरून खातो' असे म्हणण्यापूर्वी, आणि कमी खाणाऱ्या मुलाला 'याला एवढेच पुरते' असे म्हणण्यापूर्वी, शिक्षकाने हे गणित आठवावे. ताळा नेहमी जुळतो, पण तो कशाच्या मोबदल्यात जुळला हे निव्वळ कॅलरीचा आकडा सांगत नाही.