सामान्य प्रेक्षकाचे मत : महाराष्ट्रातील चित्रपटदर्शनाच्या इतिहासाचे एक अंग

चित्रपटाचा इतिहास बहुधा निर्माते, दिग्दर्शक, नट आणि समीक्षक यांच्या आधाराने लिहिला जातो, कारण या सर्वांनी मागे काही ना काही लेखी पुरावा ठेवलेला असतो. परंतु अधूनमधून, सवड आणि पैसा असेल तेव्हा सिनेमाला जाणाऱ्या सामान्य प्रेक्षकाने त्या सिनेमाविषयी काय मत बनवले, याची नोंद त्याने स्वतः क्वचितच केली आहे. त्याचे मत शोधायचे तर तिकीट खिडकीवरचा गल्ला, खेळ किती आठवडे चालला याची गणती, प्रेक्षागृहातील शिट्ट्या आणि नाण्यांचा पाऊस, आणि ज्यांनी त्याच्याकडे वरून पाहिले अशा सुशिक्षितांचे शेरे, एवढ्याच साधनांवर विसंबावे लागते. या साधनांचा मागोवा घेतला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती ही की प्रेक्षकाचे मत हे त्याच्या उपजत अभिरुचीइतकेच तो कुठे, कोणाच्या शेजारी आणि किती पैसे मोजून बसला होता यावरही ठरत आले आहे.

मुंबईत 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हा तिकीट एक रुपया होते, आणि त्या काळच्या मजुरीचा विचार करता हा दरच प्रेक्षक निवडणारा होता. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलवण्यात आले व तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत असे निरनिराळे दर लावण्यात आले. दरांची ही उतरंड नाट्यगृहांतून उचललेली होती आणि पुढे शंभर वर्षे ती टिकली. पडद्याच्या अगदी समोरची, बहुधा बाकांची, सर्वांत स्वस्त जागा म्हणजे पीट. त्यामागे स्टॉल आणि वर बाल्कनी. ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग मराठी लेखनात हेटाळणीने रूढ झाला, तो या मांडणीमुळेच. एरवी एकाच चित्रपटावर दोन मजल्यांवरून दोन मते पडण्याचे तसे कारण नव्हते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्यांची स्पर्धा दुसऱ्या चित्रपटाशी नव्हती, ती रात्रभर चालणाऱ्या नाटकाशी होती. कमी पैशांत पाच-सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला दीड तासाचा मूक खेळ महाग वाटणे स्वाभाविक होते. सुरतेत चित्रपट लावताना सत्तावन्न हजार छायाचित्रे असलेले दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात फाळक्यांनी केली, ती या हिशेबी मनाला ओळखूनच. आजही ज्याला ‘पैसा वसूल’ म्हणतात तो निकष सिनेमाइतकाच जुना आहे, आणि तो प्रथम ओळखणारा माणूस प्रेक्षकाला तुच्छ लेखणारा नव्हता, एवढे नोंदवून ठेवावे. मूकपटांच्या काळात प्रेक्षागृह मात्र मूक नव्हते. दोन प्रसंगांमध्ये दाखवल्या जाणाऱ्या मजकुराच्या पाट्या अक्षरओळख असलेला प्रेक्षक शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाचत असे, त्यावर टीकाटिप्पणी होत असे, आणि चित्रपटावरचे मत चित्रपट चालू असतानाच, चारचौघांत, आवाजी पद्धतीने तयार होत असे. ‘लंकादहन’ 1917 मध्ये आला, तेव्हा पडद्यावर राम दिसताच लोक हात जोडत असे सांगितले जाते. हेही एक मतच होते, फक्त ते मांडण्याची रीत देवळातली होती.

सामान्य प्रेक्षकाच्या आवडीची सरकारी चौकशी पहिल्यांदा 1927-28 मध्ये झाली. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय चलत्चित्र समितीने देशभर फिरून 353 साक्षीदारांच्या तोंडी साक्षी घेतल्या व त्यांत स्वतः फाळके यांचीही साक्ष होती. अमेरिकन चित्रपटांनी हिंदी लोकांच्या मनावर काय परिणाम होतो आणि साम्राज्यात तयार झालेल्या चित्रपटांना प्राधान्य द्यावे काय, हे सरकारचे मुख्य प्रश्न होते. साक्षींमधून असे चित्र उभे राहिले की इंग्रजी शिकलेला वर्ग परदेशी चित्रपटांकडे, आणि अशिक्षित व कष्टकरी वर्ग पौराणिक कथा व मारामारीच्या पटांकडे झुकतो. परंतु डग्लस फेअरबँक्स याचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ या दोन्ही वर्गांनी डोक्यावर घेतला होता, आणि ही एकच बाब त्या सोप्या विभागणीला छेद देण्यास पुरेशी होती. समितीच्या कामाचा दोष असा की साक्षीदार बहुतांशी अधिकारी, चित्रपटव्यवसायातील मंडळी, संपादक आणि शिक्षणक्षेत्रातील प्रतिष्ठित होते. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तो चार आण्यांचा प्रेक्षक जवळजवळ कुठेच नव्हता.

बोलपट आल्यावर पाट्या वाचणाऱ्याचे काम संपले. मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ लागला आणि पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. संगीत नाटकात ‘वन्समोर’ देऊन पद पुन्हा गाऊन घेण्याची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला पडद्यावरचा गायक ऐकत नाही ही अडचण नवी होती, आणि त्यावरचा उपाय त्याने तोच खेळ पुन्हा पाहण्यात शोधला असावा, असे त्या दशकातील दीर्घ मुक्कामांवरून वाटते. ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला तो सलग 57 आठवडे चालला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, आणि मराठी सुशिक्षितांच्या लेखनात पुढे हीच गोष्ट अधिक गौरवाने सांगितली जाऊ लागली. वास्तविक परदेशी परीक्षकांच्या आधी गिरगावच्या प्रेक्षकाने तो निवाडा दिलेला होता.

आठवड्यांची ही गणती पुढे सामान्य प्रेक्षकाच्या मताची जणू अधिकृत नोंदवही बनली. एकाच चित्रपटगृहात 25 आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव आणि 50 आठवडे म्हणजे सुवर्णमहोत्सव, ही परिभाषा वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 मध्ये पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला, आणि तमाशाप्रधान चित्रपटांची जी लाट त्यानंतर उसळली तिचा उगम निर्मात्यांच्या कल्पनेपेक्षा या आकड्यात अधिक आहे. अर्थात हा आकडा नेहमीच निर्मळ नसे. खेळ उतरवावा लागू नये म्हणून वितरकच आपल्या खिशातून तिकिटे विकत घेई आणि गल्ला फुगवून दाखवी; धंद्यात याला ‘फीडिंग’ म्हणत. शिवाय चित्रपट किती आठवडे टिकणार हे चित्रपटगृहाच्या मालकाच्या मर्जीवरही असे. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ 1971 मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये लागायचा होता, तेव्हा तेथे एका हिंदी चित्रपटाला जागा देण्याचा बेत झाला आणि शिवसेनेने हस्तक्षेप केल्यावरच ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला. प्रेक्षकाचे मत पडायचे तर आधी मतपेटी ठेवली जावी लागते, हे या प्रकरणातून मराठी निर्मात्यांना नीट कळले.

शहराबाहेरची कथा वेगळी होती आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. सातारा, सांगली, सोलापूर या भागांत, आणि मराठवाड्यातही, जत्रेच्या मैदानावर तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या फिरत्या कंपन्या होत्या. ट्रकमध्ये प्रक्षेपक, रिळांचे डबे, कनात आणि कर्णे घालून ही मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. जमिनीवर बसकण, मध्ये दोरी बांधून एकीकडे बायका व एकीकडे पुरुष, अशी सोय असे. येथे प्रेक्षक वर्षातून मोजकेच सिनेमे पाही, आणि ते जुने असत. त्यामुळे ‘नवा’ व ‘जुना’ हा शहरी प्रेक्षकाचा पहिला प्रश्न तंबूत गैरलागू होता. एकाच रात्री शेजारशेजारच्या तंबूंमध्ये वेगवेगळे खेळ चालत, कर्ण्यावरून प्रत्येक मालक आपल्या सिनेमाची तारीफ करी, आणि आतून बाहेर येणाऱ्या घोळक्याचे चेहरे पाहून बाहेरचे लोक तिकीट काढायचे की नाही ते ठरवत. मौखिक प्रसिद्धीचे याहून जलद रूप क्वचितच आढळेल.

व्यावसायिकांचे अंदाज आणि प्रेक्षकाचे मत यांतील अंतर 1975 या एका वर्षाने फार स्पष्ट केले. ‘शोले’ 15 ऑगस्टला प्रदर्शित झाला, पहिल्या आठवड्यात प्रेक्षागृहातील शांतता पाहून धंद्यातील जाणत्यांनी तो पडल्याचे जाहीर केले, आणि निर्मात्यांनी शेवट बदलण्याचाही विचार केला. परंतु मुंबईतील एका चित्रपटगृहाच्या चालकाने मध्यंतरात शीतपेयांची विक्री घटली आहे, कारण लोक खुर्चीतून उठतच नाहीत, असे सांगून चित्रपट चालणार हे ओळखले. पुढे मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे राहिला. त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ या कमी खर्चात काढलेल्या चित्रपटाने मोठे यश मिळवले. बायका चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले व नाणी उधळत. सुशिक्षित टीकाकारांनी पहिल्याला हिंसक आणि दुसऱ्याला भाबडा ठरवले. या दोन्ही विशेषणांत तथ्य नव्हते असे नाही, पण सोळा वर्षांनी आलेल्या ‘माहेरची साडी’च्या वेळी हीच नाकमुरड पुन्हा झाली आणि गावोगावच्या बायकांनी तिची तितकीच दखल घेतली, म्हणजे अजिबात घेतली नाही. सासुरवासाची कथा अतिरंजित आहे हे त्यांना समीक्षकाने सांगण्याची गरज नव्हती. एरवी ज्यासाठी जागा नाही ते रडणे अंधारात, इतर बायकांच्या सोबतीने रडता येते, हा त्यांचा निकष होता, आणि त्या निकषावर चित्रपट खरा उतरला होता.

घरी सिनेमा पाहण्याचा आरंभ महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हापासून धरता येतो, तरी त्या काळचे ‘घर’ शब्दशः घेऊ नये. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात संच असे, शनिवारच्या मराठी आणि रविवारच्या हिंदी चित्रपटाला साऱ्या मजल्याची मुले त्या खोलीत जमत, आणि तेथे संचाचा मालक आपोआप बाल्कनीत व बाकीचे पिटात बसत. फरक एवढाच की तिकीट नव्हते, आणि फुकट पाहिलेल्या सिनेमाला पडेल म्हणण्यात जोर राहिला नाही. या पडद्याने एक मोठे काम केले, ते म्हणजे प्रभातचे आणि नंतरचे जुने चित्रपट पुढच्या पिढीसमोर आणले. चित्रपट जुना असूनही चांगला असू शकतो, हे मत मध्यमवर्गीय मराठी घरांत बनले ते बरेचसे यामुळे.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. पूजा, बारसे किंवा गणेशोत्सव यांच्या निमित्ताने यंत्र आणि कॅसेटी भाड्याने आणल्या जात व रात्रभर तीन-तीन सिनेमे लागत. गल्लीत प्रक्षेपकावर सिनेमा दाखवला जाई तेव्हा पांढऱ्या कापडाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत, आणि मागच्यांना नायक डावरा दिसला तरी त्यांची तक्रार नसे. परंतु व्हिडिओने आणलेला खरा बदल होता तो बटणाचा. चित्रपटगृहात कंटाळलेला प्रेक्षक गाणे लागताच विडी ओढायला बाहेर जात असे, पण खेळ त्याच्यासाठी थांबत किंवा पळत नसे. आता गाणे पुढे ढकलता येऊ लागले, मारामारी पुन्हा पाहता येऊ लागली, आणि संपूर्ण चित्रपटावर मत देण्याऐवजी त्याच्या तुकड्यांवर मत देण्याची सवय लागली. उपग्रह वाहिन्यांनी ती पक्की केली.

बहुपडदा चित्रपटगृहे नव्या शतकात सर्वत्र पसरली आणि पीट नाहीसे झाले. एका दालनात साधारण एकाच ऐपतीची माणसे बसू लागली, आणि मोठा फरक एका शहरातील दोन चित्रपटगृहांमध्ये दिसू लागला. एप्रिल 2016 मध्ये ‘सैराट’ लागला तेव्हा ही भिंत काही आठवडे ढासळली. मागणीपोटी मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले, गाण्याला लोक खुर्च्यांमधल्या वाटेत नाचले, आणि शेवटाला त्याच प्रेक्षागृहात शांतता पसरली. हा अपवाद होता. मार्च 2020 मध्ये महासाथीने चित्रपटगृहे बंद झाली, मध्यंतरी उघडून पुन्हा मिटली आणि महाराष्ट्रात ऑक्टोबर 2021 मध्ये परत सुरू झाली. तोवर बहुसंख्य शहरी प्रेक्षकाने घरच्या पडद्याशी पक्के नाते जोडले होते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवून आला आणि मराठी प्रेक्षकासमोर पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवरच अवतरला. तो किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, किती जणांनी दहाव्या मिनिटाला सोडला, हे कंपनीच्या यंत्रांना सेकंदापर्यंत ठाऊक आहे; विजयानंदचे 131 आठवडे मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असत. सामान्य प्रेक्षकाचे मत आज पूर्वीपेक्षा अधिक अचूक मोजले जाते, पण ते खाजगी मालमत्ता झाले आहे.

म्हणूनच जुन्या मतांची जी कागदपत्रे उरली आहेत त्यांची किंमत वाढली आहे. प्रत्येक चित्रपटगृहात रोजच्या जमाखर्चाचा तक्ता भरला जाई, त्याला धंद्यात ‘डीसीआर’ म्हणतात. कोणत्या खेळाला, कोणत्या वर्गाची किती तिकिटे खपली आणि त्यावर किती करमणूक कर बसला, हे सारे त्यात असते. 1923 च्या कायद्याने सुरू झालेला हा कर 2017 मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाला, त्यामुळे त्याचे जुने दप्तर सांभाळण्याचे कार्यालयीन कारणही संपले, आणि एकपडदा चित्रपटगृहे पाडली जात असताना त्यांच्या वह्या रद्दीत जात आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयांच्या करमणूक कर शाखांनी, चित्रपटगृहांच्या मालकांनी आणि विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी हे तक्ते ताबडतोब गोळा करून जपावेत. पिटातल्या प्रेक्षकाने आपल्या हयातीत काय पसंत केले याचा त्याच्या स्वतःच्या पैशाने लिहिलेला पुरावा याखेरीज फारसा कुठे नाही.