७८व्या क्रमांकावरून

सप्टेंबर १९९२मध्ये इंग्लंडच्या दुकानांत 'क्रीप' नावाचं सिंगल आलं आणि फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही. रेडिओहेड हा ऑक्सफर्डशायरमधल्या शाळासोबत्यांचा बँड तेव्हा नवखाच होता. बीबीसी रेडिओ वनला गाणं फारच उदास वाटलं. जेमतेम सहा हजार प्रती खपल्या. ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत ७८वा क्रमांक.

गंमत म्हणजे, निर्माते शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी स्टुडिओत डोकेफोड करत होते ती दुसऱ्याच गाण्यांवर. बँडचा गायक थॉम यॉर्क याने 'क्रीप'बद्दल सहज 'हे आमचं स्कॉट वॉकर गाणं' म्हटलं आणि त्या दोघांना ते खरंच गायक स्कॉट वॉकरचं वाटलं! ध्रुवपदाच्या तोंडाशी गिटार कशी खर्र-खर्र करून अंगावर येते, ते ऐकावं. गिटारवादक जॉनी ग्रीनवुडला गाणं फार मुळमुळीत वाटत होतं, म्हणून त्याने तारांवर जोरात फटके मारले. बिघडवायला गेला आणि तेच गाण्याचं वैशिष्ट्य ठरलं.

नशीब फिरलं ते परदेशात. इस्रायलमध्ये निवेदक योआव कुटनरने ते रेडिओवर लावून धरलं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या लाइव्ह १०५ या रेडिओ केंद्राने उचललं. सप्टेंबर १९९३मध्ये तेच सिंगल ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं, तेव्हा सातव्या क्रमांकावर पोचलं.

'द एअर दॅट आय ब्रीद' या आधीच्या गाण्याशी असलेल्या साम्यामुळे त्याचे गीतकार अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांनाही पुढे 'क्रीप'चे गीतकार म्हणून श्रेय मिळालं. बँड मात्र या गाण्याला विटला. १९९४च्या 'माय आयर्न लंग' या त्यांच्याच गाण्यात तो वैताग उघडच ऐकू येतो.