लाल छताची कुळकथा

छत लाल, भिंतीही लाल. छताला उघडा बल्ब आणि त्याच्याकडे गेलेल्या पांढऱ्या वायरी. खालच्या कोपऱ्यात कामसूत्रातल्या आसनांच्या तक्त्याचा एक तुकडा. विल्यम एगलस्टन यांनी १९७३ साली मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावी मित्राच्या घरात काढलेलं हे छायाचित्र ‘द रेड सीलिंग’ म्हणून ओळखलं जातं. पण त्याचं कूळ शोधायचं तर शिकागोतल्या एका प्रयोगशाळेच्या दरपत्रकापाशी जावं लागतं.

त्या काळी अमेरिकेत कलेचं छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल. रंग जाहिरातींसाठी आणि घरगुती अल्बमसाठी. वॉकर इव्हान्ससारख्या दिग्गजानं तर रंगीत छायाचित्रणाला चक्क ग्राम्य ठरवलं होतं. एगलस्टन साठच्या दशकातच रंगाकडे वळले होते. त्या दरपत्रकात त्यांना छपाईचा सर्वांत महागडा प्रकार दिसला: डाय ट्रान्सफर. कोडॅकच्या या पद्धतीनं तेव्हा सिगारेटची पाकिटं आणि अत्तराच्या बाटल्या झळकत होत्या.

पद्धत कष्टाची. मूळ पारदर्शिकेवरून लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन निगेटिव्ह काढायच्या, त्यांवरून जिलेटिनचे तीन साचे करायचे. एकेक साचा निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगात भिजवून एकाच कागदावर रेषेला रेष जुळवत दाबायचा. रविवर्मा प्रेसमध्ये प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे, तशातलीच ही जात. तिन्ही रंग सुटे असल्यानं एकाला धक्का न लावता दुसरा गडद करता येतो. छताचा तो लाल म्हणजे किरमिजीवर चढलेला पिवळा. ओल्या रक्तासारखा दिसणारा हा लाल छापील पानावर कधीच नीट उतरला नाही, असं खुद्द एगलस्टन सांगत.

१९७४ मध्ये मेम्फिसच्या ‘बिग स्टार’ या बँडनं हेच चित्र ‘रेडिओ सिटी’ या अल्बमवर घेतलं. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये जॉन झारकोव्स्की यांनी एगलस्टन यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हिल्टन क्रेमर यांनी ते अगदी सामान्य आणि कंटाळवाणं ठरवलं. मला वाटतं, चित्रांत काय आहे एवढंच त्यांनी पाहिलं. त्या चित्रांचा खरा विषय रंगच होता.

नव्वदच्या दशकात कोडॅकनं या छपाईचं साहित्य बनवणं थांबवलं. जाहिरातदारांना त्याची गरज उरली नव्हती.