बर्फगाडीचा रूळ आणि खुब्याची वाटी

स्नोमोबिल या बर्फावर धावणाऱ्या वाहनाच्या इतिहासात क्वेबेकमधील व्हालकूर गावचे जोझेफ-आर्मां बोंबार्डिए, १९३७ ची त्यांची सात आसनी ‘बी-७’ आणि १९५९ ची ‘स्की-डू’ हे टप्पे ठरलेल्या क्रमाने येतात. मात्र आजचा चालक हिवाळ्याच्या तोंडाशी ज्या सस्पेन्शनची जुळवणी करतो, त्याचे कूळ या वंशावळीत पुरते बसत नाही. स्की-डूचा पट्टा बोगींवरून, म्हणजे स्प्रिंगांवर बसवलेल्या लहान चाकांच्या संचांवरून फिरत असे. पुढे बोगींची जागा ‘स्लाइड-रेल’ने घेतली, ज्यात पट्ट्याच्या पोटात दोन समांतर रूळ असतात आणि त्यांच्या तळाशी बसवलेल्या प्लास्टिकच्या लांब पट्ट्यांवरून फिरत्या पट्ट्याच्या धातूच्या क्लिपा घसरत जातात.

या प्लास्टिकच्या पट्टीला कारागीर ‘हायफॅक्स’ म्हणतात. हर्क्युलिस या अमेरिकी कंपनीच्या पॉलिएथिलीनचे व्यापारी नाव ‘हाय-फॅक्स’ होते, आणि कारागिरांचा शब्द तेथूनच आला असे मानणे सयुक्तिक ठरते. ड्यूपाँ कंपनीची मक्तेदारी मोडणाऱ्या न्यायालयीन निकालातून १९१२ मध्ये जन्मलेली हर्क्युलिस मुळात स्फोटके बनवणारी होती, हा योगायोग गमतीचा खरा. पण त्याहून नवलाचे नाते इंग्लंडमध्ये सापडते. राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्न्ली कृत्रिम खुब्यासाठी टेफ्लॉनची वाटी वापरत असत आणि ती भराभर झिजे. १९६२ मध्ये कापडाच्या मागांसाठी प्लास्टिकची दंतचक्रे विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन, म्हणजे असाधारण लांब रेणुसाखळ्यांमुळे चिवट झालेले प्लास्टिक, त्यांच्या प्रयोगशाळेत पोहोचले आणि खुब्याची वाटी त्याची होऊ लागली. स्लाइड-रेलची पट्टीही याच जातकुळीच्या प्लास्टिकची असते.

स्लाइड-रेलच्या यशाचे श्रेय सहसा स्प्रिंगा व शॉक-अब्सॉर्बर यांना दिले जाते. हे मत अपुरे आहे, कारण स्प्रिंगा बोगीलाही होत्याच. नवे होते ते भार रुळाच्या सबंध लांबीवर पसरणे, आणि एवढ्या लांबीचे घर्षण सोसणारा पदार्थ हाती नसता, तर ती कल्पना रोजच्या वापरात टिकली नसती.

देखभालीचे नियमही याच घसरणीतून निघतात. खुब्यात शरीरातील द्रव वंगणाचे काम करतो, तर रुळावर ते काम उडून आलेल्या बर्फाचे पाणी करते, आणि तेच पट्टीला थंडही ठेवते. म्हणूनच टणक, गुळगुळीत बर्फावर पट्टी तापून वितळू लागते आणि चालक ‘स्क्रॅचर’, म्हणजे बर्फ खरवडून त्याचा चुरा पट्ट्याकडे उडवणाऱ्या तारा, खाली सोडतो. पट्टीवरील झीजरेषा गाठली की पट्टी बदलतात, आणि सस्पेन्शनच्या सांध्यांत जुने पाणचट ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरतात. रुळाचा पुढचा भाग किती खाली उतरावा हे ‘लिमिटर स्ट्रॅप’ हा पट्टा ठरवतो: तो आखडला की पुढच्या स्कींवर भार वाढून वळण नेमके बसते, आणि सैल सोडला की वेग घेताना स्की हलक्या होतात. फिरत्या पट्ट्याचा ताण मात्र सर्वांत नाजूक. तो अधिक झाला तर इंजिनाची शक्ती खर्ची पडते आणि हायफॅक्स लवकर तापते, कमी झाला तर जोर लागताच पट्टा फिरवणाऱ्या चाकाचे दाते त्यावरून निसटतात.